फ्लेक्स उतरवा, आणि जामिनाचा हिशेब एकदा बघा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : बसस्थानकावर लावलेला महिला चोरांचा फ्लेक्स आणि त्याच्या मागचा कारभार

महोदय,

पत्रास कारण की, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकावर आषाढीच्या तोंडावर एक मोठा फ्लेक्स लागला. 'या महिला चोरांपासून सावध राहा' असा मथळा, खाली नऊ बायकांचे फोटो, नाव, वय, राहणार कुठली. फोटो ठाण्यात भिंतीला उभं करून काढलेले दिसतात. एकीच्या कडेवर पोर होतं. फोटो कापणाऱ्यानं पोराला बाहेर काढायचा प्रयत्न केलाय, पण त्याचा अर्धा गाल आणि एक डोळा राहून गेलाय. वारी झाली, पालख्या परतल्या, फ्लेक्स अजून तिथंच आहे. त्याच्याखाली उभं राहून लोक गाडीची वाट बघतात.

नऊपैकी चौघींना मी ओळखते. त्यातली एक कोर्टातून निर्दोष सुटलेली आहे. निकालाच्या प्रतीच्या झेरॉक्स मीच काढून दिल्या होत्या. दुसरी त्याच स्थानकाच्या फाटकाशी काकडी आणि उकडलेल्या शेंगा विकायची. फ्लेक्स लागला त्या आठवड्यात तिला तिथून हाकललं. आता ती कुठं बसते, काय करते, मला माहीत नाही. फ्लेक्स लावणाऱ्यांनाही ते माहीत नसणार.

मी वकील नाही, कार्यकर्ती नाही, कुठल्या संस्थेची नाही. तालुका न्यायालयाच्या फाटकाबाहेर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं टेबल आहे. जामीन अर्ज, हजेरी माफीचा अर्ज, वारंट रद्द करण्याचा अर्ज, जामीनदाराचं प्रतिज्ञापत्र, असले कागद दिवसभर माझ्या हाताखालून जातात. वकील मजकूर सांगतात, मी टाइप करते. दोषारोपपत्राच्या प्रती काढताना नजर ओळींवर जातेच. एवढ्या वर्षांत कलमं पाठ झाली आणि बायकाही.

आधीच सांगते, चोरीची वकिली करायला मी बसलेली नाही. माझी स्वतःची पर्स याच स्थानकात गेली आहे. गाडीत चढताना मागून रेटा आला, पुढची बाई पायरीवर उगाच थबकली, आणि आत बसून बघते तर पिशवीची चेन उघडी. पैशांपेक्षा आईचा एकुलता फोटो गेला त्याचं वाईट वाटलं. माझ्या टेबलाशी रडत आलेल्या म्हाताऱ्याही मी बघितल्यात. आयुष्यभराची पोत जाते, आणि नशिबानं मुद्देमाल सापडलाच तर परत मिळते ती सोन्याची लगड. मणी, वाट्या, नवऱ्यानं केलेला घाट, सगळं वितळलेलं. त्या म्हातारीचं नुकसान खरं आहे आणि ते करणारीला कायद्यानं जाब विचारलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की, तुम्ही ज्या तऱ्हेनं जाब विचारता त्यानं त्या म्हातारीची पोतही परत येत नाही आणि पुढची चोरीही थांबत नाही. उलट पुढची चोरी तिथंच ठरते. कशी, ते माझ्या टेबलावरून दिसतं, म्हणून हे पत्र.

एका बाईचं सांगते. नाव बदलून तिला झुंबरबाई म्हणू. स्थानकात पोत मारली, एक तोळ्याच्या आसपास. सोनारानं निम्म्याहूनही कमी भाव दिला, कारण माल कुठला हे त्याला न विचारताच कळतं आणि त्या कळण्याचेच तो पैसे कापतो. उरलेल्याच्या चार वाटण्या झाल्या. झुंबरबाईच्या वाट्याला जे आलं त्यात घरातल्या आजारपणाची उधारी फिटली. महिन्याभरानं ती सापडली. वकिलाची फी. जामीनदार. तिच्या माणसांपैकी कुणाच्या नावावर सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, ऐपतीचा दाखला तर दूरच. मग कोर्टाच्या आवारात भाड्यानं उभा राहणारा जामीनदार आला. तो कागदावर तिचा नातलग किंवा ओळखीचा असतो. त्याचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं, 'मी आरोपीस चांगला ओळखतो' ही ओळ तर मला डोळे मिटून टाइप करता येते. असा सगळा मिळून खर्च पंचवीस हजारांवर गेला. ते पैसे वस्तीतल्या सावकाराकडून, शेकडा दहा रुपये महिना. म्हणजे नुसतं व्याजच महिन्याला अडीच हजार.

पुढच्या तारखेला ती माझ्या टेबलाशी बसली होती. मी म्हटलं, "मावशी, परत कशाला केलंत?" ती म्हणाली, "ताई, पयल्या केसचं पैसं फेडाया दुसरी केस झाली. आता दोन्हीचं फेडायचं हाय."

महोदय, तुमच्या गुन्हे आढावा बैठकीत हा हिशेब कधी येतो का? तिथं किती गुन्हे दाखल, किती उघड, किती आरोपी अटक, एवढंच येत असावं. झुंबरबाई तुमच्या तक्त्यात दोन उघडकीला आलेले गुन्हे आहेत. माझ्या टेबलावरून बघितलं तर पहिल्या गुन्ह्याचं व्याज म्हणजे दुसरा गुन्हा. तिची चोरी भुकेपायी सुरू झाली असेल, नवऱ्याच्या मारापायी असेल, घरच्या रीतीपायी असेल. ती चालू राहते मात्र कचेरीच्या खर्चापायी.

आता माझ्या तक्रारी.

पहिली फ्लेक्सची. खटला चालू असलेली बाई आरोपी असते, गुन्हेगार नसते, हे मी तुम्हाला सांगावं अशी माझी पायरी नाही. तरी सांगते. लखनौच्या चौकांत दंगलीतल्या नुकसानीच्या आरोपींचे फोटो आणि पत्ते लावलेले फलक काढून टाकण्याचा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये दिला होता. असे फलक म्हणजे माणसाच्या खासगीपणावर घाला, असं न्यायालयानं म्हटलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा तिथंही आदेशाला स्थगिती मिळाली नाही. दंगलीच्या नुकसानीत नाव आलेल्यांना जो मान आहे तो पाकीटमारीत नाव आलेल्या बाईला नको का? आणि कायद्याचं सोडा, तुमच्याच तपासाचं बघा. चेहरा महिनोन्महिने स्थानकावर टांगल्यावर त्या बाईची ओळख परेड घेऊन काय उपयोग? फिर्यादीनं तिला चोरी करताना पाहिलं होतं की फ्लेक्सवर, असा पहिला प्रश्न बचावाचा वकील विचारणार, आणि खरी चोर असली तरी ती सुटणार. लोकांना सावध करायचंच तर 'पायरीवर गर्दी करू नका, दागिने पदराखाली घ्या' असं लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. त्याला चेहरे कशाला लागतात?

फ्लेक्सवरची आडनावंही बघा. काळे, भोसले, पवार, चव्हाण. ही आडनावं विधानसभेतही ढिगानं आहेत, तिथं कुणाला शंका येत नाही. इथं मात्र आडनावाखाली 'राहणार अमुक वस्ती' असं लिहिलं की गावाला जात कळते. आम्ही सोलापूरकडची माणसं. या शहरात इंग्रजांनी काटेरी तारांच्या आत माणसं कोंडून त्यांची हजेरी घेतली, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर आपल्या मुंबई इलाख्यात आला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. सात वर्षांत, १९५९ साली, मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये या जमातींना जन्मानं सराईत धरणाऱ्या तरतुदी होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयानं अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला, घटनाबाह्य ठरवल्या. नियमावलीतून गेलेलं तुम्ही स्थानकावर टांगता आहात.

एक मात्र नोंदवून ठेवते, कारण वाचणारे लगेच एका जातीवर बोट ठेवून मोकळे होतात. त्या नऊजणी एका समाजाच्या नाहीत. मी ओळखते त्या चौघींतली एक ऊसतोडीच्या टोळीतून आलेली आहे. मुकादमाची उचल नवऱ्याच्या नावावर होती, नवरा ती घेऊन पळाला, मुकादम हिला धरून बसला. एक शहरात भंगार वेचायची. आधी तिच्यावर खोटी चोरी लावली, मग तिनं खरी केली. आणि पारध्यांच्या वस्तीतल्या बहुतेक बायका शेळ्या राखतात, दुसऱ्याच्या रानात राखण करतात, खुरपायला जातात. त्यांच्या वाट्याला या फ्लेक्सचा फक्त संशय येतो.

दुसरी तक्रार जामिनाची, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते यावरच.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमात बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ती बाई आहे, एवढं पुरे. आता जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयंही, म्हणजे आरोपीला मोफत वकील देणारी कार्यालयंही, झाली आहेत. मग माझ्या टेबलाशी येणाऱ्या बायका सावकाराकडून पैसे काढून खासगी वकील का लावतात? कारण ठाण्यात त्यांना कुणी हे सांगत नाही. रिमांडच्या दिवशी सांगितलं जातं ते कागदावर, खाली अंगठा घेऊन. मी एकीला विचारलं, कोर्टानं विचारलं होतं ना वकील पाहिजे का? ती म्हणाली, विचारलं असंल, मला वाटलं फी विचारत्यात, मी न्हाई म्हनलं. आणि ठाण्याच्या दारात वकिलाचा माणूस आधीच उभा असतो. त्याला अटकेची खबर घरच्यांच्या आधी कशी लागते, हे तुम्ही शोधा.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत आरोपी बाहेर पडला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय आपण होऊन अट सैल करायचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे कच्च्या, म्हणजे खटला अजून संपायचा असलेल्या, कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत. चाळीस हजार! झुंबरबाईला जामिनासाठी सावकाराचं दार बघावं लागलं नसतं. पण या योजनेचा अर्ज टाइप करायला माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात तर आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर ती व्यक्ती निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय तिच्याच हमीवर, सोडायचं, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. एवढे चार-चार उपाय कागदावर असताना भाड्याच्या जामीनदाराचा धंदा आमच्या फाटकाबाहेर तेजीत कसा? त्याचे दर काय आहेत ते आवारातल्या चहावाल्यालाही पाठ आहेत.

शिक्षेचंही तसंच. परिविक्षा कायदा १९५८ चा आहे. साध्या चोरीत पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवता येतो. बाईसाहेब, हे अधिकारी तुमच्या खात्याचे. एक माणूस किती तालुके बघतो ते तुम्हीच तपासा. अहवाल वेळेवर येत नाही, म्हणून वकील सांगतात, 'गुन्हा कबूल कर, जेवढी आत काढलीस तेवढीच शिक्षा होईल, मोकळी होशील.' ती कबूल करते. त्या दिवशी तिला सुटल्यासारखं वाटतं. पण कागदावर ती आता दोषसिद्ध झाली. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत चोरीच्या दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. ती मोकळी होत नाही, पुढच्या वेळेसाठी बांधली जाते. आणि हे तिला कुणी समजावून सांगत नाही, कारण समजावून सांगायला वेळ लागतो आणि तारखेला बोर्डावर शंभर प्रकरणं असतात.

तिसरी तक्रार नव्या कायद्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत थोडी दयाही आहे, ती आधी सांगते. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदा दोषी, माल परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. छान. पण आज स्थानकात चोरण्यासारखं काय असतं? मोबाइल आणि सोनं. पाच हजारांच्या आत बसणारा स्मार्टफोन आता बाजारातच क्वचित मिळतो, आणि सोन्याचा भाव मी लिहायला नको. म्हणजे ही दया ज्या बायकांसाठी असायला हवी होती, त्यांना ती शिवतही नाही.

आणि दुसऱ्या बाजूला कलम ११२. किरकोळ संघटित गुन्हा. टोळीतल्या कुणी एकट्यानं किंवा मिळून पाकीटमारी, हिसकाहिसकी, दुकानातली चोरी केली तर किमान एक वर्ष, कमाल सात वर्षं. टोळी कशाला म्हणायचं? स्थानकात या बायका तिघीचौघी असतात, कारण तसंच काम करता येतं: एकीनं पायरी अडवायची, एकीनं रेटायचं, एकीनं हात चालवायचा, चौथीनं माल घेऊन वेगळ्याच गाडीत बसायचं. ते मी नाकारत नाही. पण त्या चौघी बहुतेक वेळा सासू, सून, नणंद आणि जाऊ असतात. आपल्या घरच्या चौघी एकत्र गावाला निघाल्या तर ते कुटुंब. यांच्या बाबतीत जी नुसती सोबत आली होती तीही टोळी. खऱ्या टोळीचा म्होरक्या, जो गाडी पुरवतो, गाव ठरवतो, वाटणी करतो, तो स्थानकात नसतोच. तो आरोपींच्या यादीत कधी 'पाहिजे आरोपी' म्हणून असतो, बऱ्याचदा तेवढाही नसतो.

याच्या जोडीला नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-जामिनाच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ वाचा. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला तर त्याला सोडायचं, म्हणून या कलमाचा गाजावाजा झाला. त्याचं दोन नंबरचं पोटकलम कुणी वाचून दाखवलं नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सूट नाही. रस्त्यावर चोरी करणाऱ्या बाईवर एकच प्रकरण कधी असतं? एकदा सापडली की तपासात मागच्या दोनचार उघड न झालेल्या तक्रारी तिच्या नावावर जमा होतात. ठाण्याचा आकडा सुधारतो. तिची सूट जाते.

चौथी तक्रार थोडक्यात, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. चोरीचा माल घेणाऱ्या सोनारावर न्याय संहितेचं कलम ३१७ लावता येतं, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. मी टाइप केलेल्या कागदांत तो बहुतेक वेळा साक्षीदार असतो. 'आरोपीने माझ्या दुकानात येऊन अडचण सांगून सोने मोडले, मी चांगल्या हेतूने घेतले.' एकाच माणसाचा चांगला हेतू वेगवेगळ्या प्रकरणांत वाचला की हसू येतं. फ्लेक्सवर त्याचा फोटो नाही. लावूही नका, फोटो कुणाचेच नकोत. पण त्याला एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करा, आणि मग स्थानकातल्या चोऱ्यांचं काय होतं ते बघा.

आता या बायका तगतात कशा, हे थोडं सांगते, कारण तुमची सगळी धोरणं त्या वेड्या आहेत असं धरून चालतात. त्या फार हुशार आहेत. लहान पोर अंगावर पिणारी बाई शक्यतो पुढे होत नाही. सापडल्यावर गुन्हा अंगावर घ्यायची पाळी लावलेली असते, आणि जिचं पोर मोठं झालंय तिची पाळी आधी येते. वस्तीत भिशी असते, ती लग्नासाठी नसते, वकिलासाठी असते. दर गावात वेगळं नाव सांगायचं, म्हणजे मागचं प्रकरण जुळत नाही. हे शहाणपण पुढे तिच्याच गळ्याशी येतं: आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, वारंटात तिसरं, आणि तारखेला नाव पुकारलं तरी ती आपल्यालाच पुकारतात हे ओळखत नाही. एखादी ठाण्याची खबरी होते, म्हणजे तिला उचलत नाहीत. पण मग वस्तीत तिला पाणी मिळत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला २०१६ चा कायदा आहे, पण त्याखाली जातपंचायतीविरुद्ध तक्रार द्यायला तिनं जायचं ते त्याच ठाण्यात, जिथं तिची खबरी म्हणून ओळख आहे.

कडेवरच्या पोराबद्दल लोक फार बोलतात. पोर म्हणजे दया मिळवायचं साधन, भाड्यानं आणलेलं. असेलही कुठं. मी ज्या बघितल्या त्यांना पोर ठेवायला जागाच नव्हती, एवढी साधी गोष्ट आहे. एकदा मी प्रतिज्ञापत्रावर एका बाईचा अंगठा घेत होते. तिच्या पोरानं स्टॅम्पपॅडमध्ये आपलाही हात घातला आणि माझ्या कोऱ्या कागदावर उमटवला. तिनं पोराच्या पाठीत धपाटा घातला, मग पदरानं एकेक बोट पुसत बसली, शाई निघेना तर थुंकी लावून. "याचा नका घिऊ ताई," म्हणाली, "याचा नका घिऊ." मी म्हटलं, अहो हा कागद वाया गेलाय, फाडते. तरी तिनं तो माझ्यासमोर फाडून मागितला आणि तुकडे कनवटीला खोचून नेले.

आई आत गेली तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्याबरोबर तुरुंगात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये त्याच्या अंगणवाडीचे, दुधाचे, दवाखान्याचे नियम घालून दिलेत. सात वर्षांचं कुठं जातं? अटकेच्या वेळी घरी किती मुलं आहेत आणि ती कुणाकडे सोडली, हा प्रश्न मी पाहिलेल्या कुठल्याच अटक फॉर्मवर भरलेला नाही. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवाद म्हणूनच, तीही महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन, असा कायदा आहे. म्हणून संध्याकाळी उचललेल्या बाईची अटक कागदावर सकाळची पडते. मधली रात्र कुठल्याच कागदावर नसते. त्या रात्रीबद्दल त्या मला काही सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

राहता राहिला कागदांचा प्रश्न. लाडक्या बहिणीचे दीड हजार यांच्यातल्या बऱ्याचजणींना मिळाले नाहीत, कारण आधार आणि रेशनकार्ड जुळत नाही, बँकेचं खातं नाही, रहिवासाचा पुरावा नाही. जातीचा दाखला हवा तर भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीत येणाऱ्या पारध्यांना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. ज्यांच्या आज्यांना गावानं रात्रभर टेकू दिलं नाही, त्यांच्याकडून गावात राहिल्याचा पुरावा मागायचा. शासनाकडे या बायकांचा एकच भरगच्च कागद आहे, तो म्हणजे पोलीस रेकॉर्ड. मी एकदा वैतागून एका तलाठ्याला म्हटलं, आजोबांवरच्या जुन्या गुन्ह्याची नोंद पुरावा म्हणून चालेल का? तो हसला. मी गंमत करत नव्हते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फ्लेक्स आठ दिवसांत उतरवावा, आणि राज्यात कुठंही आरोपी महिलांचे फोटो सार्वजनिक जागी लावू नयेत असं लेखी परिपत्रक काढावं. निर्दोष सुटलेल्या बाईचं नाव त्या फ्लेक्सवर होतं, तिच्याकडे संबंधित अधिकाऱ्यांनी लेखी दिलगिरी व्यक्त करावी. जिची काकडीची पाटी उठवली तिला त्याच फाटकाशी फेरीवाल्याचा परवाना द्यावा.

प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक झालेल्या बाईला मोफत वकिलाचा हक्क तोंडी, तिच्या बोलीत सांगावा आणि लोकअभिरक्षक कार्यालयाला त्याच दिवशी फोन करावा. फोनची वेळ स्टेशन डायरीत नोंदवावी. गरीब कैद्यांच्या योजनेतून आपल्या राज्यात किती महिलांच्या जामिनाचे पैसे भरले गेले, ते जिल्हावार जाहीर करावं.

कलम ११२ लावण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यावी, आणि फक्त नातं किंवा सोबत हा टोळीचा पुरावा धरू नये. माल विकत घेणाऱ्याला साक्षीदार करायचं असेल तर का, ते कारण दोषारोपपत्रात लिहावं.

महिला व बालविकास खात्यानं तालुक्याला एक तरी परिविक्षा अधिकारी द्यावा, आणि अटक फॉर्मवर मुलांचा रकाना भरल्याशिवाय रिमांड मागू नये. दाखल्यांसाठी वस्तीवर शिबिर घ्यावं, आणि जिथं पुरावा नाही तिथं प्रत्यक्ष गृहचौकशीवर दाखला द्यावा.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. बहुतेकांना पैसाही लागत नाही.

फ्लेक्स कुणाच्या आदेशानं लागला, त्याचा खर्च कुठल्या शीर्षाखाली पडला आणि त्यातल्या किती महिलांवरचे खटले आज प्रलंबित आहेत, एवढे तीन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले आहेत. अर्ज मीच टाइप केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, पोच घेतली. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं तर याच पत्राला जोडून सगळ्यांसमोर ठेवीन, नाही आलं तर अपिलाचा नमुना माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार आहेच.

कळावे,

तालुका न्यायालयाबाहेरची एक टंकलेखिका
जि. सोलापूर